पहिलं प्रेम संपतं तेव्हा

  आजचं बोलणं मुख्यतः मागच्या रांगेतल्या मुलामुलींबद्दल आहे.

विषय ऐकून काहीजण मनात हसले असतील. काहींना वाटलं असेल, पाऊस-पाणी, नापिकी, पोरांच्या नोकऱ्या, एवढे प्रश्न आपल्या धाराशिव जिल्ह्यात असताना हे काय घेऊन बसलात? वाटणं साहजिक आहे. पण आम्ही शाळा-कॉलेजांत मुलांशी बोलायला जातो तेव्हा एक गोष्ट ठरलेली असते. तोंडी प्रश्न विचारा म्हटलं की वर्ग गप्प बसतो. चिठ्ठीवर नाव न लिहिता प्रश्न टाका म्हटलं की चिठ्ठ्या येतात, आणि त्यात अभ्यासाइतकेच प्रश्न या विषयाचे असतात. 'तो आता बोलत नाही, काय करू?' 'तिचं लग्न ठरलंय, मला जेवण जात नाही.' 'विसरायला किती दिवस लागतात?' हे प्रश्न आज सकाळी या जिल्ह्यातल्या कुठल्या ना कुठल्या घरात कुणीतरी उशीत तोंड खुपसून स्वतःलाच विचारलेले आहेत. म्हणून ते इथे उघड्यावर घ्यायचे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करू. शाळकरी वयात प्रेम करावं की करू नये, यावर आज आम्ही बोलणार नाही. ते होतं. संपतंही. संपल्यावर त्या लेकराचं काय होतं आणि आपण काय करतो, एवढाच आजचा विषय.

आपल्याकडे ते संपतं कसं

सिनेमात प्रेम तुटतं तेव्हा भांडण होतं, पाऊस पडतो, गाणं लागतं. आपल्याकडे बहुतेक वेळा असं काही होत नाही. आपल्याकडे प्रेम संपतं ते व्यवहारानं.

समजा, भूम किंवा वाशी तालुक्यातल्या एका गावात नववी-दहावीतली दोन मुलं आहेत. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची गाडी येते आणि एकाचं घर टोळीबरोबर ऊसतोडीला निघून जातं. परत यायला मार्च-एप्रिल. जाताना निरोप घेण्याची सोयही नसते. तिकडे फडात मोबाईल बापाकडे. सहा महिन्यांनी परत आल्यावर कळतं, दुसरीकडे सगळं बदललंय. इथे एक शब्द लक्षात घ्या. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात, आणि उचल जोडीवर मिळते. म्हणून पोरांची लग्नं लवकर लावण्याची ओढ राहते. ज्या व्यवहारात जोडपं हे कामाचं एकक आहे, तिथे सोळा वर्षांच्या मुलीला कोण आवडतं हा प्रश्न कुणी विचारत नाही.

दुसरा प्रकार शिक्षणाचा. दहावी झाली की ज्यांना परवडतं ती मुलं लातूरला जातात, क्लास आणि हॉस्टेल. कुणी पुण्याला. मागे राहिलेलं गावच्या ज्युनिअर कॉलेजला. पहिले पंधरा दिवस रोज मेसेज, मग आठवड्यातून एक, मग निळी खूण दिसते पण उत्तर येत नाही. कुणी कुणाला फसवलेलं नसतं. दोघांची आयुष्यं वेगळ्या रस्त्याला लागलेली असतात.

तिसरा प्रकार जातीचा. हे नाव घेताना सभागृहात थोडी चुळबुळ होते, पण घ्यावं लागेल. आडनाव कळल्यावर घरचे जे करतात ते आपल्याला ठाऊक आहे. आणि चौथा प्रकार सगळ्यात जड. घरी कळतं, मुलीची शाळा बंद होते आणि तिच्यासाठी स्थळं बघायला सुरुवात होते.

आणि हो, पाचवाही प्रकार आहे, साधा आणि जगभर सारखा. एकाला आता ते वाटत नाही. बस. याला कुणाचा दोष नसतो, आणि म्हणूनच तो पचायला फार कठीण असतो.

डोक्यात काय चालू असतं

'हे वयच तसलं', 'चार दिवसांचं खूळ' असं आपण म्हणतो. खूळ आहे का, हे शास्त्रज्ञांनी तपासून पाहिलं आहे.

अमेरिकेत हेलन फिशर, लुसी ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नुकतंच प्रेम तुटलेल्या पंधरा तरुण मुलामुलींना मेंदूच्या स्कॅनिंग मशीनमध्ये ठेवलं आणि सोडून गेलेल्या व्यक्तीचा फोटो दाखवला. हा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. तुटून सरासरी दोन महिने झाले होते, तरी ही मुलं जागेपणीचा बहुतेक वेळ त्याच व्यक्तीचा विचार करत होती. फोटो पाहताना त्यांच्या मेंदूचे जे भाग पेटून उठले, त्यांतले काही व्यसनाच्या तलफेशी संबंधित आहेत. म्हणजे दारू सुटलेल्या माणसाला संध्याकाळ झाली की जी तलफ येते, तिच्या जातीचंच काहीतरी या मुलांना रात्री अकराला फोन हातात घेतल्यावर होत असतं. व्यसनी माणसाला आपण 'मनावर घेऊ नको' एवढंच सांगून मोकळे होत नाही. मग लेकराला का सांगतो?

दुसऱ्या वर्षी, २०११ मध्ये, इथन क्रॉस आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. त्यात चाळीस जण होते. त्यांना एकदा सोडून गेलेल्या व्यक्तीचा फोटो दाखवला आणि एकदा हाताला चटका बसेल अशी उष्णता दिली. शारीरिक वेदना नोंदवणाऱ्या मेंदूच्या काही भागांत दोन्ही वेळा हालचाल दिसली. 'छातीत दुखतंय' असं मूल म्हणतं तेव्हा ते नाटक करत नसतं.

त्यात वयाची भर. भावना पेटवणारा मेंदूचा भाग तेरा-चौदाव्या वर्षी जोरात धावायला लागतो. थांब, विचार कर, उद्या बघू, असं सांगणारा कपाळामागचा भाग पूर्ण तयार व्हायला पंचविशी उजाडते. गाडीला वेग आलाय, ब्रेक अजून बसवायचे आहेत. शिवाय मोठ्या माणसाकडे जुना अनुभव असतो: मागे एकदा असंच झालं होतं, तेव्हा मेलो नाही. पहिल्या वेळेला ही शिदोरीच नसते. पहिलं प्रेम संपणं इतकं दुखतं, त्याचं हे मोठं कारण. दुःखाचा शेवट पाहिलेलाच नसतो.

हे सगळं हलकं घेऊ नये याचं आणखी एक कारण आहे. अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये चौदाशेहून अधिक शाळकरी मुलांचा अभ्यास झाला, १९९९ साली तो प्रसिद्ध झाला. नैराश्याचा आजार आयुष्यात पहिल्यांदा सुरू होण्याची शक्यता नुकतंच प्रेम तुटलेल्या मुलांमध्ये जास्त आढळली. सगळ्यांना आजार होतो असं नाही. बहुतेक मुलं सावरतात. पण काहींसाठी हा उंबरठा असतो, आणि तो ओलांडताना घरात कुणाला पत्ताही नसतो.

कडू घास

आता आजच्या बोलण्यातला मुख्य मुद्दा.

आपल्याकडे माणूस गेलं की त्या घरात चूल पेटत नाही. शेजारचे, भावकीतले, सोयरे पिठलं-भाकरी घेऊन येतात. त्याला आपण कडू घास म्हणतो. बायका येऊन बसतात, रडतात, रडू देतात. गेलेल्याच्या आठवणी निघतात. दहावा होतो, तेरावा होतो, मग कुणीतरी म्हणतं, चला, आता उठा, कामाला लागा. या सगळ्या रीतींचं काम काय? तुमचं काहीतरी गेलंय हे आम्हाला मान्य आहे, एवढंच दुःखातल्या माणसाला सांगायचं. आणि पुढचं म्हणजे, या दुःखाला दिवस आहेत, ते संपायचं आहे, हेही सांगायचं.

आता त्या सोळा वर्षांच्या पोरीकडे पाहा. दुपारी तिला कळलंय की सगळं संपलं. संध्याकाळी तिला भाकरी थापायच्या आहेत. आजी विचारते, तोंड का उतरलंय? ती म्हणते, डोकं दुखतंय. रात्री सगळे झोपल्यावर ती रडते, तेही आवाज न करता, कारण एकाच खोलीत पाचजण झोपलेत. सकाळी सहाची एसटी. तिच्या दुःखाला दहावा नाही, तेरावा नाही, कडू घास घेऊन कुणी येत नाही. कारण जे गेलं ते होतं हेच कुणाला माहीत नाही.

अशा दुःखासाठी केनेथ डोका नावाच्या अभ्यासकानं १९८९ मध्ये एक कल्पना मांडली. मराठीत आपण तिला मान्यता नसलेलं दुःख म्हणू. समाज ज्या नात्याला नातंच मानत नाही, त्या नात्याच्या शेवटाचं दुःख उघडपणे करता येत नाही. म्हणून ते लांबतं आणि आत मुरतं. आमचं निरीक्षणही तेच आहे. मूल जितकं प्रेम संपल्यानं खचतं, तितकंच ते लपवण्याच्या ओझ्यानं खचतं.

आणि मुलं लपवतात ती मूर्ख आहेत म्हणून नाही. त्यांचा हिशेब पक्का असतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचं लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झालेलं होतं, आणि मराठवाड्यातल्या अनेक जिल्ह्यांत हे प्रमाण त्याहून जास्त आहे. मुलगी हे आकड्यांत वाचत नाही. तिच्या वर्गातली एक मैत्रीण दिवाळीनंतर आलीच नाही, एवढं ती पाहते. मग आपण म्हणायचं 'बाळा, मनातलं बोल', आणि बोलल्याची शिक्षा म्हणून तिला शाळेतून काढायचं. असं दोन्हीकडून चालणार नाही. बोलल्याची शिक्षा होत नाही हे ज्या घरात आधी दिसलेलं असतं, त्याच घरात मुलं बोलतात.

तिसरा शेवट

आपल्या गोष्टींकडे पाहा. लैला-मजनू, देवदास, आणि अगदी शेजारचं उदाहरण घ्यायचं तर २०१६ चा 'सैराट'. परंड्याला लागून असलेल्या करमाळ्याच्या मातीतला तो सिनेमा. या गोष्टींमध्ये प्रेमाला दोनच शेवट असतात, लग्न नाहीतर मरण. 'सैराट'नं जे दाखवलं ते जळजळीत सत्य आहे, त्याबद्दल वाद नाही. पण चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या मनात अशा गोष्टींतून हळूच एक समजूत बसते: खरं प्रेम असेल तर ते मिळेल, नाहीतर मी संपेन.

प्रेमाला तिसराही शेवट असतो. ते संपतं, दुखतं, आणि आयुष्य पुढे जातं. जगात बहुतेक पहिल्या प्रेमांचा हाच शेवट होतो. मिलिंद बोकिलांची 'शाळा' ही कादंबरी मुलांना वाचायला द्या. त्यात शिरोडकर शेवटी गाव सोडून निघून जाते आणि मुकुंद दहावीला सामोरा जातो. कुणी मरत नाही, कुणाचं लग्न होत नाही. म्हणून ते प्रेम खोटं होतं का? कुठलाही वाचक असं म्हणणार नाही. संपलं म्हणजे खोटं होतं असं नाही. हे वाक्य मुलांना कुणीतरी मोठ्यानं सांगायला हवं.

इथे एक छोटा अभ्यास उपयोगी पडतो. पॉल ईस्टविक, एली फिंकेल आणि सहकाऱ्यांनी कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना विचारलं, तुमचं नातं तुटलं तर तुम्हाला किती वाईट वाटेल? पुढच्या महिन्यांत ज्यांचं खरोखर तुटलं, त्यांना प्रत्यक्षात त्यांनी सांगितलं होतं त्यापेक्षा कमी वाईट वाटलं. आणि ज्यांचं प्रेम जास्त होतं त्यांचा अंदाज जास्त चुकला. याचा अर्थ दुखत नाही असा नाही. अर्थ असा की 'मी यातून कधीच बाहेर येणार नाही' हे वाक्य मनाचा अंदाज आहे, भविष्य नाही. आणि या बाबतीत मनाचा अंदाज चुकीचा असतो.

मुलांनो, आता तुमच्यासाठी

पहिलं, शरीर सांभाळा. जेवण जात नसेल तर अर्धी भाकरी, पण वेळेवर. झोप मोडली की दुःख दुप्पट वाटतं. रात्री दोन वाजता आलेल्या कुठल्याही विचारावर रात्री दोन वाजता निर्णय घ्यायचा नाही. तो सकाळसाठी ठेवायचा. पहाटे भरतीची तयारी करणारी पोरं रस्त्यानं पळताना दिसतात ना, त्यांच्याबरोबर पळा. पळता येत नसेल तर शेताकडे चालत जा. शरीर दमलं की मनाचा पीळ थोडा सैल होतो.

दुसरं, फोन. टारा मार्शल या संशोधिकेनं २०१२ मध्ये ४६४ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जे लोक सोडून गेलेल्या व्यक्तीचं फेसबुक पान सारखं बघत राहिले, त्यांना जास्त त्रास झाला आणि जुनं मागे टाकून पुढे जाणं त्यांना जड गेलं. तेव्हा फेसबुक होतं, आता स्टेटस आणि रील. तलफेची गोष्ट मघाशी सांगितली. दर वेळी स्टेटस उघडणं म्हणजे सुटत आलेल्या माणसानं एक घोट घेणं. म्यूट करा, आर्काइव्ह करा, नंबर एखाद्या मित्राकडे ठेवा. शिव्या देऊन ब्लॉक करण्याची गरज नाही. खपली धरतेय, ती रोज काढू नका, इतकंच.

तिसरं, एक माणूस शोधा. सगळ्या ग्रुपला सांगू नका, गावभर होईल. एकच, जो ऐकेल आणि पसरवणार नाही. मैत्रीण, मोठी बहीण, मावशी, एखाद्या बाई किंवा सर. 'मला सल्ला नको, फक्त ऐक' असं सांगून सुरुवात करायला हरकत नाही.

चौथं, कुणीच नसेल तर वही. जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञानं १९८० च्या दशकात एक साधी पद्धत वापरून पाहिली: सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनातलं सगळं लिहायचं, शुद्धलेखनाची पर्वा न करता. त्यानंतर अनेक अभ्यास झाले, आणि बऱ्याच लोकांना याचा थोडा तरी फायदा होतो असं दिसलं. घरात वही सापडण्याची भीती असेल तर लिहा आणि फाडून टाका. फायदा लिहिण्यात आहे, जपून ठेवण्यात नाही.

पाचवं, परीक्षा. हे सगळं नेमकं जानेवारी-फेब्रुवारीत होतं आणि समोर बोर्ड असतं. एका दिवसात दहा तास अभ्यास होणार नाही हे मान्य करा. वीस-वीस मिनिटांचे तुकडे करा. दुःख आणि गणित एकाच दिवसात मावतात, फक्त गणिताला थोडा कमी वाटा मिळतो.

'नाही' ऐकण्याची ताकद

मुलग्यांशी एक गोष्ट वेगळी बोलायची आहे. पोरींना निदान रडता येतं, मैत्रिणीच्या गळ्यात पडता येतं. पोरांना 'मर्द रडत नाही' असं लहानपणापासून ऐकवलेलं असतं. मग आतलं दुःख बाहेर येताना रागाचा वेश घालून येतं. 'तिनं माझी इज्जत घालवली.' 'मला नाही तर कुणालाच नाही.' सिनेमातला हिरो मागं मागं फिरतो आणि शेवटी ती हो म्हणते, हेही डोक्यात असतं.

मित्रांनो, 'नाही' हे उत्तर आहे. परीक्षेच्या पहिल्या फेरीसारखं ते नसतं, की पुन्हा अर्ज केला तर बदलेल. नको म्हटल्यावरही मुलीच्या मागे जाणं, वारंवार मेसेज करणं, ऑनलाइन पाळत ठेवणं याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये पाठलागाचा गुन्हा म्हटलं आहे. तिचे फोटो तुमच्याकडे असतील तर ते विश्वासानं दिलेले होते. विश्वास संपला, फोटो डिलीट. ते दाखवून धमकावणं किंवा पुढे पाठवणं हा गुन्हा आहे, आणि अठराखालच्या मुलीचे तसले फोटो असतील तर फारच गंभीर. कायद्याचं भय घालण्यासाठी हे सांगत नाही. जिच्यावर प्रेम केलं तिचा निर्णय मान्य करणं, ही त्या प्रेमाची शेवटची आणि सगळ्यात अवघड पायरी आहे. ती ज्याला जमली तो मोठा झाला.

आणि मुलींनो, कुणी फोटोवरून धमकावत असेल तर चूक तुमची नाही. एकट्यानं सहन करू नका. १०९८ हा मुलांसाठीचा मोफत क्रमांक आहे, तातडीची मदत ११२ वर मिळते, आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर अशी तक्रार करता येते.

आई-वडिलांनो, पहिल्या दिवशी काय बोलाल

घरी कळल्यावर पहिल्या दिवशी तुम्ही जे बोलता ते मूल विसरत नाही. तीन वाक्यं टाळा: 'लोक काय म्हणतील', 'यासाठी शिकवलं का तुला', आणि 'असले छप्पन्न मिळतील'. तिसरं वाक्य प्रेमानं म्हटलं जातं, पण मुलाला ऐकू येतं ते 'तुझं गेलेलं काही किमतीचं नव्हतं' असं.

मग काय म्हणायचं? 'वाईट वाटतंय ना? बस इथं.' एवढं पुरतं. चहा करा, ताटात गरम वाढा. हाच कडू घास. कारण विचारायचं असेल तर दोन दिवसांनी विचारा. आईला जमत नसेल तर आत्या, मामा, थोरला भाऊ, ज्याच्याशी लेकरू मोकळं आहे त्याला पुढे करा. तुम्ही त्या प्रेमाला मान्यता द्यावी असं आम्ही म्हणत नाही. दुःखाला मान्यता द्या. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि लग्न हा यावरचा इलाज नाही. मुलीचं अठराच्या आणि मुलाचं एकवीसच्या आत लग्न लावणं हा २००६ च्या कायद्यानं गुन्हा आहे. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे, दुःखात बुडालेल्या मुलीला घाईनं परक्या घरी पाठवून आपण तिच्या दुःखात आणखी भर घालतो.

मदत कधी घ्यायची

दोन आठवड्यांहून जास्त दिवस जेवण-झोप बिघडलेली, शाळा बंद, कशातच रस नाही, आवडत्या वस्तू वाटून टाकणं, 'मी नसलो तर बरं' असं बोलणं, यांपैकी काही दिसलं तर वाट पाहू नका. मरणाचं बोलणं एकदा जरी आलं तरी त्याच दिवशी हालचाल करायची. 'मरून जावंसं वाटतंय का?' असं थेट विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट ओझं हलकं होतं. मुलाला एकटं सोडू नका. फवारणीचं औषध एरवीही घरात उघड्यावर ठेवू नका, कुलपात ठेवा.

टेलि-मानस ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. फोन मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचा विभाग आहे. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून सुरू आहे. त्यात दहा ते एकोणीस वयाच्या मुलांसाठी सरकारी दवाखान्यांत समुपदेशनाची सोय आहे. आणि पोलीस केस होईल या भीतीनं कुणी दवाखाना टाळू नये. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा असं गृहीत धरतो की जीव द्यायला निघालेलं माणूस तीव्र ताणाखाली होतं. त्याला शिक्षा करायची नसते, त्याची काळजी घ्यायची असते.

श्रोत्यांचे प्रश्न

एक पालक: कळल्यावर मोबाईल काढून घ्यावा की नाही?

एकदम हिसकावून घेतला तर मूल दुसऱ्याचा मोबाईल वापरतं, आणि तुमच्याशी बोलणं बंद करतं. वर, ज्या मैत्रिणीशी बोलून मन हलकं होत होतं तीही तुटते. रात्री दहानंतर घरातल्या सगळ्यांचे फोन, तुमचासुद्धा, एका जागी ठेवायचा नियम करा. हा नियम मुलं मान्य करतात, कारण त्यात शिक्षा नाही.

एक शिक्षिका: मुलगी विश्वासानं सांगते. घरी सांगावं तर विश्वास तुटतो, न सांगावं तर जबाबदारी आमच्यावर. काय करायचं?

हा फार खरा पेच आहे. नुसतं मन दुखावलं असेल तर ऐका, आणि घरी काय सांगायचं हे तिच्याबरोबर बसून ठरवा. तिच्या जिवाला धोका असेल, लैंगिक अत्याचार झाला असेल किंवा तिचं लग्न लावलं जात असेल, तर मात्र गप्प राहता येत नाही. अठराखालच्या मुलामुलींची संमती २०१२ चा पॉक्सो कायदा मानत नाही, आणि अशी माहिती मिळाल्यावर ती कळवणं बंधनकारक आहे. म्हणून मुलगी बोलायला लागण्याआधीच सांगा: 'तुझं बोलणं माझ्यापाशी राहील, फक्त तुला धोका असेल तर मला मदत बोलवावी लागेल.' आधी सांगितलेली अट विश्वास मोडत नाही. बालविवाहाबाबत गावात ग्रामसेवक हाच प्रतिबंध अधिकारी असतो, हेही लक्षात ठेवा.

चिठ्ठीतून आलेला प्रश्न, नाव नाही: ती रोज त्याच एसटीनं येते. रोज दिसते. विसरू कसं?

विसरायचं नाहीये. विसरायचं ठरवलं की तेच आठवत राहतं. आधी सोय बघ. पुढे बसत असशील तर मागे बस, शक्य असेल तर महिनाभर आधीची किंवा नंतरची गाडी पकड, शेजारी मित्राला बसव. ती दिसली की छातीत धस्स होईल, होऊ दे. ते काही मिनिटांत ओसरतं, घड्याळ लावून बघ. मघाच्या स्कॅनिंगच्या अभ्यासात असंही दिसलं होतं की तुटून जितके दिवस जास्त झाले, तितकी ओढीशी संबंधित मेंदूच्या एका भागातली हालचाल कमी होती. म्हणजे तुझं डोकं आपलं काम करतंय, तुला कळत नसलं तरी. आणि ही चिठ्ठी तू लिहिलीस, म्हणजे सांगायला सुरुवात केलीस. आता नाव घालून एका माणसाला सांग. आज घरी जाण्याआधी.